लाल क्लिपवाली मुलं

मावशींचं पेन अंबाड्यात खोचलेलं असायचं आणि त्या ते टेबलावर शोधायच्या. चहा गार करून प्यायच्या, कारण गरम प्यायला कधी सवड मिळाली नाही, आणि पुढे गरम आवडेनासाच झाला. मुलाला वजनकाट्यावर ठेवण्याआधी त्या तळहाताने काटा चोळून कोमट करायच्या. वजन पाव किलोने वाढलं असेल तर आईकडे न बघता मुलालाच शाबासकी द्यायच्या. जन्मतारीख न आठवणाऱ्या बापांना म्हणायच्या, "लग्नाची नाही विचारत, पोराची विचारतेय." केसपेपर मोजताना बोटाला थुंकी लावायच्या आणि तेच दुसऱ्या कुणी केलं तर ओरडायच्या. रांग कितीही मोठी असो, बूट घातलेलं पोर दिसलं की वाकून त्याच्या दोन्ही टाचा दाबून बघायच्या.

ही शेवटची सवय जुनी नव्हती. ती गेल्या हिवाळ्यात लागली.

मागच्या मंगळवारी सकाळी त्यांनी दवाखान्याचं कुलूप उघडलं, दिवे लावले, बाकावर बसल्या आणि परत उठल्या नाहीत. पहिल्या नंबरची बाई मूल घेऊन आली तेव्हा तिला वाटलं, बसल्या जागी डुलकी लागली असेल. ती दहा मिनिटं शांत बसून राहिली.

त्या लहान मुलांच्या दवाखान्यात कंपाउंडर होत्या. सव्वीस वर्षं. सगळे त्यांना वजनमावशी म्हणत. मी त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. साहित्यात एम.ए. झाले आणि नोकरी मिळेना, तेव्हा त्यांनीच मला दवाखान्यातल्या संगणकावर जुने केसपेपर चढवायच्या कामाला लावलं. मला त्या नावाने हाक मारत नसत. "एमए" म्हणत. नावाने हाक मारली तर माणूस नुसतं ओ देतं, पदवीने मारली तर लाजेकाजेस्तव काम करतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

दवाखाना म्हणजे तीन खोल्या. पुढे दोन बाक, खिडकी आणि वजनकाटा. मधे डॉक्टर. मागे एक अरुंद खोली, तिथे वाफेची दोन मशीनं. थंडीत ती दिवसभर घुंगुं करत. दम लागलेली मुलं तोंडाला मास्क लावून आईच्या मांडीवर बसत, औषधाची वाफ घेत, आणि वीस मिनिटांनी घरी जात.

लाल क्लिप ही मावशींची युक्ती. फार वर्षांपूर्वी एक मुलगी धापा टाकत पाऊण तास रांगेत बसली होती. कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या दिवसापासून ज्या मुलाला डॉक्टरांनी दमा आहे असं सांगितलं, त्याच्या केसपेपरला मावशी लाल क्लिप लावू लागल्या. क्लिप दिसली की नंबर नाही, रांग नाही, थेट मागच्या खोलीत वाफ. मग डॉक्टर मधेच येऊन छाती तपासून जात. आया मावशींना दुवा देत. मी स्वतः ऐकलं आहे. युक्ती चांगलीच होती. दिवसाला ऐंशी मुलं असली की अशा युक्त्यांवरच दवाखाना चालतो.

क्लिप कुणाला लावायची हे डॉक्टरांनी ठरवायचं, असा नियम होता. पण सव्वीस वर्षांत कान तयार होतो. मूल खिडकीशी आलं की छातीतला आवाज त्यांना आधी ऐकू येई. डॉक्टर सांगायच्या आत क्लिप लागलेली असे, आणि डॉक्टर क्लिप बघून मान डोलावत. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला एक आजी नातवाला घेऊन आल्या. आई एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला होती, त्यामुळे पोराचं सगळं आजींकडे. पोर पावणेदोन वर्षांचं, गुबगुबीत. आजी त्याला शेठ म्हणत. आजी बोलण्यात पटाईत होत्या. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी शेजारच्या तिघींना हसवलं. शेठ रात्री किती वेळा उठतात, शेठना वरण कसं चालत नाही, शेठ सुनेपेक्षा जास्त हुकूम कसे सोडतात. मग खिडकीशी आल्या आणि मावशींनी काय होतंय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या,

"काय सांगू बाई. आमच्या शेठच्या बुटातली शिट्टी गेली, ती आता छातीत वाजतेय."

सगळे हसले. मावशी सगळ्यांत जास्त हसल्या. लहान मुलांचे ते बूट असतात ना, चाललं की पीं पीं वाजणारे. एक बूट वाजायचा बंद झाला होता, आणि पोराच्या छातीत श्वास सोडताना बारीक शीळ येत होती. छातीत शिट्टी वाजते, असं तर प्रत्येक आई म्हणते. दिवसातून दहा वेळा ऐकायचं वाक्य. मावशींनी हसत हसत क्लिप लावली.

त्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी मला ते वाक्य सांगितलं. मी ते वहीत उतरवून घेतलं. मला ती उपमा वाटली. फार सहज केलेली, छान उपमा.

पुढच्या दहा आठवड्यांत शेठ चार वेळा आला. क्लिप होती, म्हणून थेट मागे. वाफेने बरं वाटतं का, असं मावशी विचारत. आजी म्हणत, वाटतं की, घरी गेल्यावर गाढ झोपतो. तो दमून झोपत होता, हे नंतर कळलं. दोनदा ताप आला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला. फोटोत सर्दी-कफ उतरल्यासारखं दिसतंय, याहून जास्त काही आलं नाही. ताप औषधाने गेला. शीळ गेली नाही. हवा बदलली की जाईल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

त्यानंतर परत आले तेव्हा मागची दोन्ही मशीनं दुसऱ्या मुलांना लावलेली होती. थांबावं लागणार होतं. मावशी म्हणाल्या, तोवर वजन करून घेऊ. एरवी क्लिपवाल्या मुलांचं वजन बरेचदा राहूनच जाई. मी त्यांच्या मागे संगणकावर बसले होते.

त्यांनी शेठला बाकावर उभं केलं आणि बूट काढले. डावा बूट काढताना अंगठा दाबला गेला. पीं झालं. उजवा काढला. काही नाही. त्यांनी तो पुन्हा दाबला. मग उलटा करून बघितला. टाचेत एक गोल भोक होतं. करंगळीचं टोक जाईल एवढं. आत रिकामं.

मशीनं मागे चालूच होती, पण दार लोटलेलं होतं. मूल त्यांच्या छातीला टेकून उभं होतं. ते श्वास सोडत होतं आणि शीळ वाजत होती. मावशींनी डावा बूट पुन्हा दाबला. मग शेठच्या छातीला कान लावला. मग पुन्हा बूट.

आजी म्हणाल्या, "नका वाजवू, मागेल परत. एक तर आधीच मोडलाय."

मावशींनी विचारलं, "ह्यातली शिट्टी कुठे गेली?"

"गेली कुठेतरी. घरभर शोधली. सांगितलं की तुम्हाला तेव्हा."

"कधी गेली?"

"छातीत वाजायला लागलं त्याच दिवशी. बूट चावत बसला होता. ठसका लागला, डोळे पांढरे केले, मी पाठीत दोन थापट्या मारल्या, मग बरा झाला. संध्याकाळपासून हे सुरू. म्हणून तर म्हणाले मी, बुटातली…"

त्यांचा चेहरा मी पाहिला. आपणच केलेली चेष्टा त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

मावशी दार न वाजवता डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. एका हातात बूट, कडेवर पोर. आत दुसरं मूल तपासायला झोपवलेलं होतं. त्याच्या आईला त्यांनी नुसतं "उठा" म्हटलं. असं त्या कधी बोलत नसत.

डॉक्टरांनी त्या दिवशी शेठची छाती फार वेळ ऐकली. वाफेची मशीनं बंद करायला लावली आणि परत ऐकली. नंतर मावशींच्या कानात स्टेथोस्कोप घालून त्यांनाही ऐकवलं. मला मावशींनीच पुढे सांगितलं. दम्यात सगळी छाती वाजते. इकडे बारीक, तिकडे जाड, पाच-सहा सूर एकत्र, दोन्ही बाजूंना. इथे उजवीकडे, खाली, एकाच जागी, एकच सूर होता. आणि त्या जागी हवा कमी जात होती. मशीनच्या आवाजात, वाफ चालू असताना, घाईत, तो एक सूर दम्यासारखाच लागला होता. फोटोत शिट्टी दिसली नाही, कारण प्लास्टिक फोटोत उमटत नाही.

डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलला स्वतः फोन केला. तासाभरात पोर तिथे पोचलं. दुसऱ्या दिवशी त्याला भूल देऊन, तोंडातून दुर्बिणीची नळी घालून शिट्टी काढली. वाटाण्याएवढी, पांढरी. हॉस्पिटलने ती डबीत घालून आईला दिली.

पोर वाचलं. पण अडीच महिने ती वस्तू आत होती. तिच्या खालच्या भागात पू साचून राहिला होता. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग आता पूर्वीसारखा फुगणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. जगायला अडचण नाही. थंडीत जपावं लागेल. धावला की लवकर दमेल.

आठवड्याने त्याची आई दवाखान्यात आली. एकटी, कामावरून थेट. रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर खिडकीशी आली. आवाज चढवला नाही.

"सासूबाई पहिल्याच दिवशी सांगत होत्या. तुम्ही हसलात म्हणे."

मावशी म्हणाल्या, "हो. हसले."

ती आणखी काही ऐकायला थांबली असावी. मग ती बाजूला झाली आणि पुढचा नंबर आला.

डॉक्टरांनी मावशींची समजूत घालायचा प्रयत्न केला. मी तिथेच होते. म्हणाले, "बाई, निदान माझं होतं. तुमचं नाही."

"क्लिप माझी होती," मावशी म्हणाल्या. "ती बघून तुम्ही विचारायचं सोडलंत. आणि मीपण."

डॉक्टर भला माणूस आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि घातला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी कपाटातून क्लिपवाले सगळे केसपेपर काढले. दोनशे चौदा. ते टेबलावर रचून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "एमए, ह्यात अजून किती शिट्ट्या असतील?"

मी म्हटलं, दमाच असेल बहुतेकांना. त्या म्हणाल्या, बहुतेकांना असेलच. उरलेले कोण ते शोधायचंय.

डॉक्टरांनी परवानगी दिली. अट एकच घातली, की कुणालाही औषध किंवा वाफ बंद करायला सांगायचं नाही. शंका आली तर मुलाला बोलवायचं आणि ते स्वतः पहिल्यापासून तपासतील, क्लिप काढून. मग काय विचारायचं ते त्यांनी मावशींना शिकवलं. मावशींनी ते एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलं. आवाज केव्हापासून. जन्मल्यापासून की मधेच. दूध पिताना वाढतो का. पिताना घाम येतो का. दूध उलटतं का. एकाच बाजूला घरघर लागते का. रडताना वाढतो आणि शांत झोपल्यावर जातो का. घरात कुणाला जुना खोकला आहे का. वाफेने खरंच फरक पडतो का. वजन.

प्रश्न सोपे होते. उत्तरं येत नव्हती. पहिल्या आठवड्यात त्यांनी सहा आयांना फोन केले आणि विचारलं, आवाज अचानक सुरू झाला का. सहाही जणी म्हणाल्या, हो, अचानकच. आईला मुलाचं सगळं अचानकच वाटतं. मावशी वैतागल्या. मला म्हणाल्या, तू एवढी शिकलीस, शब्द बदलून दे. त्यावर आम्ही दोन दुपारी घालवल्या. शेवटी प्रश्न त्यांनीच शोधला. पहिल्यांदा आवाज ऐकलात तेव्हा बाळ काय करत होतं? ह्याला हो किंवा नाही म्हणता येत नाही. माणसाला त्या दिवसात परत जावंच लागतं. तसंच वाफेचं. बरं वाटतं का असं विचारलं की सगळ्या हो म्हणत, मावशींना वाईट वाटू नये म्हणूनसुद्धा. म्हणून त्या विचारू लागल्या, वाफ घेऊन घरी पोचेपर्यंत आवाज परत आलेला असतो का?

काम हळू चाललं. नंबर बदललेले असत. आया कामावर असत. दवाखाना दुपारी एक ते चार बंद, तेवढाच वेळ. आठवड्याला चार-पाच केसपेपर व्हायचे. उत्तर पटलं की क्लिप परत लावायची. पटलं नाही की काढून केसपेपर वेगळा ठेवायचा.

दीड-एक महिन्याने एक मुलगी सापडली. सात महिन्यांची. तिचा आवाज तिसऱ्या आठवड्यापासून होता. रडली, दूध प्यायली की वाढायचा. शांत झोपली की जवळजवळ जायचा. तिची श्वासनलिका मऊ होती, श्वास सोडताना दबायची. मोठी होईल तशी घट्ट होईल, असं सांगितलं. वाफेचा तिला उपयोगच नव्हता. तिच्या आईने अकरा वेळा कामाचा खाडा करून तिला वाफेला आणलं होतं.

नंतर एक मुलगा. पाच महिन्यांचा. आई फोनवर म्हणाली, दूध पिताना त्याचं डोकं घामाने भिजतं, मधे मधे थांबतो, दमतो. मावशींनी त्याचा केसपेपर उघडला. वजनाचे पाच आकडे एकाखाली एक होते. तीन महिने जवळपास तेच वजन. अक्षर त्यांचंच. मोठं, गोल, स्वच्छ.

त्याच्या हृदयाला भोक होतं. छातीत पाणी साचून घरघर लागत होती. वेळेत कळलं. ऑपरेशन झालं.

डॉक्टरांनी मावशींना मुद्दाम खोलीत बोलवून सांगितलं, की हे मूल तुमच्यामुळे वाचलं. मला वाटलं होतं, त्या जरा सावरतील. त्या बाहेर येऊन काट्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "मला वजनमावशी म्हणतात, एमए. आकडा लिहिला आणि वाचला नाही."

त्या बदलल्या. काम तेच, हात तेच, पण खिडकीशी कुणी गंमत केली की त्या पेन खाली ठेवायच्या आणि त्या माणसाला पुन्हा सांगायला लावायच्या. एका बापाने म्हटलं, पोरगं इंजिन झालंय. त्यांनी विचारलं, म्हणजे काय, नीट सांगा, चढाला लागल्यासारखं की सपाटीला? तो बिचारा गोंधळला. लोकांना वाटू लागलं, मावशी हल्ली तिरसट झाल्या. बाकावरचं हसणं कमी झालं. जन्मतारखेचा तो टोमणाही त्यांनी सोडला.

शेठच्या आजी दर महिन्याला त्याला दाखवायला आणतात. आता त्या बोलत नाहीत. मावशी त्यांना स्वतः उठून आत नेत. एकदा दोघी वजनकाट्याशी उभ्या होत्या. आजी म्हणाल्या, मी मेलीने चेष्टेवारी नेलं, धड सांगितलं असतं तर. मावशी म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत, सगळं सांगितलंत. आजी मान हलवत राहिल्या. दोघींनी मिळून पोराला काट्यावर ठेवलं. शेठ हसत होता. त्याला काही आठवत नव्हतं.

मी शिट्टीचं ते वाक्य वहीतून खोडलं. मग खोडल्याचं वाईट वाटलं. ते चुकीचं नव्हतंच. ते उपमा म्हणून वाचलं, एवढीच चूक.

माझ्याशी त्या शेवटचं बोलल्या ते सोमवारी दुपारी. पाय सुजलेत म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा की, रोज समोर आहेत. म्हणाल्या, ते लहान मुलांचे आहेत, आणि हे आटपू दे आधी.

मंगळवारी त्यांचे अंत्यविधी उरकल्यावर डॉक्टरांनी मला टेबल आवरायला सांगितलं. दोनशे चौदांपैकी एकशे छत्तीस झाले होते. एका बाजूला क्लिप परत लावलेले. एका बाजूला क्लिप काढलेले, नऊ. उरलेल्यांचा गठ्ठा दोरीने बांधलेला. मधे एकच केसपेपर उघडा होता, त्यावर क्लिप आडवी ठेवलेली. सोमवारचा. चौदा महिन्यांची मुलगी, आठ वेळा वाफ.

कागदावर त्यांनी प्रश्न लिहिला होता. पहिल्यांदा आवाज ऐकलात तेव्हा बाळ काय करत होतं? खाली पेन्सिलीने उत्तर होतं. आई कामावर होती. तिला माहीत नाही. बाळ मोठ्या बहिणीजवळ होतं. बहीण मंगळवारी शाळेतून लवकर येते, दोन वाजता. तिलाच फोनवर बोलवून विचारणे. ओरडणार नाही असं आधी सांगणे.

त्यापुढे फोन नंबर होता, आणि उत्तरासाठी सोडलेल्या दोन ओळी.